सीताफळाचे झाड : लावणे, राखणे व खाणे

पावसाळ्याच्या आरंभी शाळा उघडली, की आमच्या वर्गातील एखादा तरी विद्यार्थी एकच गाऱ्हाणे घेऊन येतो. त्याच्या घरच्या परसात सीताफळाचे झाड असते; ते दर वर्षी फुलते; झाडाखाली फुलांचा सडा पडतो; परंतु दसऱ्याच्या सुमारास पाहावे, तर फळे बोटांवर मोजण्याइतकीच. कित्येक घरी ह्या गाऱ्हाण्याचा निकाल कुऱ्हाडीने लागतो. "झाड वांझ आहे, उगाच जागा अडवते," असे वडील मंडळींनी ठरवले, की दहा-बारा वर्षांचे निरोगी झाड एका सकाळी सरपणात जमा होते. वांझ हा शब्द कोणालाही लावावा असा नाही. आणि ह्या प्रकरणी तर तो निखालस खोटाही आहे. सीताफळाच्या ज्या झाडाला फुले येतात, ते झाड फळ देण्यास समर्थ असते. अडचण आहे ती फुलाच्या घडणीत. ती एकदा डोळ्यांनी पाहिली, म्हणजे दूर करणे आठवीतील मुलामुलींनाही साधण्यासारखे आहे. ह्या लेखात मुख्यतः तेवढेच सांगण्याचा आमचा हेतू आहे. बाकीच्या गोष्टी ओघाने येतील.

प्रथम नावासंबंधी थोडेसे. सीताफळ, रामफळ, लक्ष्मणफळ व हनुमानफळ ही भावंडे एकाच कुळातील. नावे ऐकून कोणासही वाटावे, की ही झाडे रामायणकाळापासून दंडकारण्यात उभी आहेत. वनवासात सीतामाईने हे फळ आवडीने खाल्ले, ही कथा आजीच्या तोंडून पुष्कळांनी ऐकली असेल. कोणी म्हणतात, मूळ शब्द शीतफळ, कारण फळ थंड. कोणी सीता ह्या संस्कृत शब्दाचा नांगराचे तास हा अर्थ पुढे करतात. हे तर्क गोड आहेत; परंतु वनस्पतिशास्त्राचा निवाडा निराळा आहे. ह्या झाडाचे मूळ घर अमेरिका खंडाच्या उष्ण भागात व वेस्ट इंडीज बेटांत होय. कोलंबस इ. स. १४९२ मध्ये त्या बेटांवर पोहोचला, आणि पुढील शतकात पोर्तुगीज व स्पॅनिश गलबतांतून जी झाडे पूर्वेकडे आली, त्यांत हेही आले. पेरू, पपई, अननस, काजू, मिरची, बटाटा ही त्याच प्रवासातील मंडळी. ज्यांच्यावाचून आपले जेवण अडते, त्यांतील किती जिन्नस असे पाहुणे म्हणून आले, ह्याची यादी विद्यार्थ्यांनी एकदा घरी करून पाहावी. बंगालीत सीताफळास 'आता' म्हणतात आणि मलयाळी नावातही तोच शब्द दडलेला आहे, तो पोर्तुगिजांचा. लिनियस ह्या स्वीडिश पंडिताने इ. स. १७५३ मध्ये त्याचे शास्त्रीय नाव 'अनोना स्क्वामोसा' असे नोंदवले. स्क्वामोसा म्हणजे खवल्यांचे. फळाकडे पाहिल्यावर ह्या नावाचे अधिक स्पष्टीकरण नको. दिल्लीकडच्या बाजारात मात्र मराठी माणसाने जपून बोलावे. तेथे सीताफळ मागितल्यास पदरात भोपळा पडतो. आपल्या सीताफळास तिकडे शरीफा म्हणतात.

विरुद्ध मत नाही असे नाही. जनरल कनिंगहॅम ह्यांनी भरहुत येथील स्तूपावर इ. स. १८७९ मध्ये ग्रंथ लिहिला, त्यात तेथील कोरीव कामात सीताफळ दिसते असे म्हटले. इ. स. २००९ मध्ये मिर्झापूर जिल्ह्यातील टोकवा येथे उत्खननात मिळालेल्या एका जळक्या बीवरून हे फळ येथे फार प्राचीन काळी होते, असे काही संशोधकांनी मांडले. आमच्या मते मूळ निवाडा फिरवण्यास हा पुरावा तोकडा आहे. दगडावर कोरलेले खवल्यांचे फळ नेमके कोणते, हे दगड सांगत नाही. आणि एक बी म्हणजे बाग नव्हे.

आले कोठूनही असो, दख्खनच्या मुरमाड जमिनीत ते असे रुजले, की डोंगरउतारावर कोणी न लावता वाढू लागले. दौलताबादेचा परिसर, बालाघाटच्या रांगा, पुरंदरचा सासवडकडील भाग ही त्याची प्रसिद्ध ठिकाणे. बीडच्या सीताफळास इ. स. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. ह्या आपोआप वाढण्यामुळेच एक गैरसमज मात्र पक्का झाला : सीताफळाला काही करावे लागत नाही. डोंगरावर शेकडो झाडे असतात. प्रत्येकास थोडी थोडी फळे लागली तरी टोपल्या भरतात, आणि झाडामागे किती फुले वाया गेली हे मोजायला कोणी जात नाही. परसात झाड एकच असते. तेथे हा हिशेब उघडा पडतो.

आता फुलाकडे वळू. जून महिन्यातील एखाद्या सकाळी झाडाखाली उभे राहून वर पाहावे. फुले पानांच्या बगलेत, एकटी किंवा दोन-तीनच्या झुबक्याने, तोंड खाली करून लोंबत असतात. रंग हिरवट पिवळा, त्यामुळे ती चटकन नजरेत भरत नाहीत. बाहेरच्या तीन पाकळ्या लांबट, जाड व मांसल; त्या मिटलेल्या असल्या म्हणजे फूल तीन धारांच्या लहान शेंगेसारखे दिसते. एक फूल तोडून पाकळ्या अलगद सोडवाव्यात. आत मधोमध एक बारीक उंचवटा दिसेल. तो अनेक स्त्रीकेसरांचा दाट गुच्छ होय. त्याच्या बुडाशी सभोवार पुंकेसरांचे कडे असते. म्हणजे नर व मादी हे दोन्ही भाग एकाच फुलात, अगदी शेजारी शेजारी आहेत. मग फळ का धरू नये?

ह्याचे कारण वेळेत आहे. फूल उमलू लागते तेव्हा पाकळ्यांची टोके किंचित विलग होऊन एक अरुंद फट पडते. ह्या वेळी मधल्या स्त्रीकेसरांची टोके ओलसर व चकचकीत असतात. पराग पडला तर तो धरून ठेवण्यास ती तयार असतात. परंतु पुंकेसर अद्याप कच्चे. त्यांच्यापाशी देण्यास पराग नाही. सुमारे एक दिवस लोटतो. पाकळ्या पूर्ण फाकतात, पुंकेसर पिकून मळकट पांढरे होतात, सुटे होतात, आणि बोट लावताच पराग झडू लागतो. तोपर्यंत स्त्रीकेसरांची टोके वाळून गेलेली असतात. थोडक्यात, प्रत्येक फूल आधी मादी असते व नंतर नर होते. दोन्ही एका वेळी कधीच नसते. त्याचा स्वतःचा पराग त्याच्या उपयोगी पडत नाही. काल उमललेल्या फुलाचा पराग आज उमलणाऱ्या फुलात गेला पाहिजे.

तो कोणी न्यावा? मधमाशी येथे फारशी कामाची नाही. मादी अवस्थेतील फुलाची फट तिला अरुंद पडते. वाऱ्याचाही भरवसा नाही. हे काम बहुतांशी तांदळाच्या कणीएवढे बारीक तपकिरी भुंगेरे करतात. फुलाच्या पिकल्या फळासारख्या वासाने ते आत शिरतात, पाकळ्यांच्या आडोशास बसतात, आणि अंगास पराग चिकटवून दुसऱ्या फुलात जातात. कुजक्या फळांवर त्यांची वस्ती असते; म्हणून रोज झाडून लख्ख ठेवलेल्या अंगणात त्यांची संख्या बहुधा थोडीच. त्यातच एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात स्त्रीकेसरांची टोके पराग मिळण्यापूर्वीच सुकतात, त्यामुळे उन्हाळी फुले जवळजवळ सर्वच गळतात. पाऊस पडून हवा दमट झाली म्हणजे फळधारणा सुधारते. तरीही शंभर फुलांतील पाच-सात टिकली तर झाडाने बरे केले असे समजावे. वांझपणाची हकीकत एवढीच आहे.

ह्या ज्ञानाचा आणखी एक पडताळा फळातच मिळतो. सीताफळ हे एका फुलापासून झालेले एक फळ दिसत असले, तरी ते अनेक लहान फळांचा जुडगा आहे. बाहेरून दिसणारा एकेक 'डोळा' म्हणजे फुलातील एकेक स्त्रीकेसर. ज्या केसरास पराग मिळाला तो फुगला, गराने भरला. ज्यास मिळाला नाही तो खुरटला. म्हणून बाजारात एका बाजूने चेपलेले, वाकडे सीताफळ दिसले, तर ते कोणी दाबले असे मानू नये. त्या बाजूच्या केसरांपर्यंत पराग पोहोचलाच नाही, असा त्याचा अर्थ. सर्व अंगांनी भरलेले फळ पाहिले, की एखाद्या भुंगेऱ्याने आपले काम चोख बजावले हे ओळखावे.

जे काम भुंगेरा करतो ते विद्यार्थ्यास करता येते. साहित्य म्हणजे चित्रकलेच्या तासाचा बारीक, मऊ केसांचा ब्रश आणि एक कोरडी डबी. जुन्या औषधाची झाकणाची डबी असली तरी चालेल. उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंतचा वेळ ह्या कामी उत्तम. पूर्ण फाकलेली, मळकट पांढऱ्या केसरांची पाच-सहा फुले तोडून डबीत झटकावीत. तळाशी पराग व सुटे केसर जमतात. नंतर नुकतीच फट पडलेली फुले शोधावीत. डाव्या हाताने एक पाकळी हलकेच बाजूस धरावी, ब्रशाचे टोक परागात बुडवून आत घालावे, आणि मधल्या चकचकीत उंचवट्याभोवती दोन-तीन वेळा गोल फिरवावे. फिरवणे सर्व बाजूंनी सारखे झाले पाहिजे. नाहीतर फळ वाकडे येईल, आणि ते का आले हे आता सांगावयास नको. पाकळी तुटू देऊ नये. पराग सकाळचा सकाळीच वापरावा. दुपारपर्यंत तो निकामी होऊ लागतो. पराग त्याच झाडाच्या दुसऱ्या फुलाचा असला तरी चालतो, ही एकच झाड असणाऱ्या घरास मोठी सोय आहे.

प्रत्येक फुलावर ब्रश फिरवण्याचा मोह मात्र आवरावा. शेंड्याकडील बारीक फांदीस फळ झेपत नाही; जाड फांदीवरील, खोडाजवळची, हाताशी येणारी फुले निवडावीत. लहान झाडास वीस-पंचवीस फळे पुष्कळ झाली.

शास्त्र शिकणाऱ्या मुलांनी ह्यापुढे एक पाऊल टाकावे. ज्या वीस फुलांस पराग दिला त्यांच्या देठास तांबडा दोरा सैल बांधावा. शेजारच्या तशाच वीस फुलांस काही न करता पांढरा दोरा बांधावा. पाकळ्या गळून पडल्यावर देठाशी हिरवे बटण उरते. ते टिकून फुगू लागले तर फळ धरले, वाळून गळले तर नाही. तीन आठवड्यांनी दोन्ही दोरे मोजून वहीत लिहावेत. काय आढळेल तो आकडा आम्ही येथे देत नाही. नुसता तांबडा दोरा बांधून भागणार नाही, पांढराही हवाच, एवढेच सांगतो. कारण ज्यास हात लावला नाही त्याच्याशी ताडून पाहिल्यावाचून आपल्या हाताने काही झाले की पावसाने, हे समजण्यास मार्ग नाही.

ज्यांच्या घरी झाड नाही त्यांनी ते लावण्याचा विचार करावा. दख्खनच्या कोरड्या गावांत इतक्या थोड्या पाण्यावर व इतक्या हलक्या जमिनीत फळ देणारी झाडे विरळा. त्यातून गाई-शेळ्या त्याच्या पानांस तोंड लावत नाहीत, हा ज्या अंगणास कुंपण नाही त्यास मोठाच लाभ. बी एक दिवस पाण्यात भिजवून पिशवीत इंचभर खोल लावावे. उगवण्यास महिनाभर, कधी त्याहूनही अधिक लागतो. आठ दिवसांनी उकरून पाहणाऱ्या उतावळ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे. रोप हातभर झाले, की पावसाच्या तोंडी दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन, माती व कुजलेले शेणखत भरून त्यात लावावे. भिंतीपासून आणि दुसऱ्या झाडापासून पंधरा फूट अंतर राखावे. बियांच्या झाडास तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ येते, पण ते आईसारखेच येईल असा नेम नाही. खात्रीचा वाण हवा असल्यास कलम घ्यावे. बाळानगर हा जुना नामांकित वाण. बंगळूरच्या फलोद्यान संस्थेने काढलेला अर्का सहन, अंबाजोगाईच्या संशोधन केंद्राचा धारूर ६, आणि बार्शी तालुक्यातील शेतकरी नवनाथ कसपटे ह्यांनी निवडीने तयार केलेला एनएमके-१ हे अलीकडचे. हा शेवटचा वाण एका शेतकऱ्याच्या निरीक्षणातून निघाला, हे आमच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावे असे आम्हांस वाटते.

ह्या झाडास सर्वांत मोठा धोका पाण्याच्या अभावाचा नाही. तुंबलेल्या पाण्याचा आहे. न्हाणीचे पाणी झाडास सोडण्याची आपली रीत चांगली. परंतु ते बुंध्याशी साचून चिखल होत असेल, तर मुळे कुजून झाड बसते. पाट बुंध्यापासून दोन-तीन फूट दूर, गोलाकार असावा. हिवाळ्याच्या अखेरीस पाने पिवळी पडून गळू लागतात. तेव्हा घाबरून पाणी वाढवू नये. हा त्याच्या विश्रांतीचा काळ. येथे एक मौज आहे. सीताफळाचा नवा डोळा जुन्या पानाच्या देठाखाली झाकलेला असतो, त्यामुळे जुने पान गळाल्यावाचून त्या जागी नवी फूट येत नाही. एक पिकले पान देठासकट काढून विद्यार्थ्यांनी तो लपलेला डोळा अवश्य पाहावा. पानगळ झाल्यावर वाळक्या, एकमेकींत गुंतलेल्या फांद्या काढाव्यात, शेणखत द्यावे, आणि मे महिन्यात पाणी पुन्हा सुरू करावे. फुले नव्या फुटीवर येतात. म्हणून थोडी छाटणी इष्ट, परंतु झाडाचे खराटे करणे इष्ट नाही.

शत्रूंपैकी एकाचेच नाव घेतो. फळाच्या डोळ्यांमधील खाचांत पांढरा कापूस भरल्यासारखा दिसला, तर तो पिठ्या ढेकूण होय. तो रस शोषतो, चिकट गोड पाझर सोडतो, आणि त्या गोडीस लाचावलेल्या मुंग्या त्याचे रक्षण करतात. आरंभीच दिसल्यास साबणाच्या पाण्याने फळ पुसून काढावे, खोडावर चिकट पट्टा बांधून मुंग्यांची वाट तोडावी, खाली पडलेली किडकी फळे पुरावीत. मात्र पांढरे दिसेल ते चिरडू नये. क्रिप्टोलीमस नावाचा ऑस्ट्रेलियातील भुंगेरा इ. स. १८९८ मध्ये आपल्या देशात आणला गेला. त्याची अळी ह्या ढेकणांवरच जगते, आणि तिच्याही अंगावर तसेच पांढरे मेणचट झुबके असतात. ढेकूण बहुधा एका जागी चिकटून असतो. ही अळी त्याहून मोठी असते व भराभर चालते. क्षणभर थांबून पाहणाऱ्यासच मित्र व शत्रू ह्यांतील हा भेद कळतो.

फूल धरल्यापासून सुमारे चार महिन्यांनी फळ तयार होते. त्याची खूण अशी : डोळ्यांमधील खाचा रुंदावतात, आणि त्या खाचांचा रंग हिरव्याचा पिवळसर पांढरा होतो. ह्यासच आपण 'डोळे उघडले' म्हणतो. डोळे उघडण्यापूर्वी तोडलेले फळ काही केल्या पिकत नाही. काळे पडून दगडासारखे होते. उलट झाडावरच पिकू द्यावे, तर खार व वटवाघूळ आपल्या आधी हजर. म्हणून डोळे उघडताच, फळ टणक असतानाच, थोडा देठ ठेवून कात्रीने काढावे आणि गवताच्या आढीत किंवा तांदळाच्या डब्यात ठेवावे. दोन-चार दिवसांत ते मऊ होते. शीतपेटीत कच्चे फळ ठेवू नये; थंडीने साल काळवंडते व पिकणे थांबते. पिकल्यावर एक-दोन दिवसांत ते खाल्लेच पाहिजे. हा नाजूकपणाच डोंगरातून टोपल्या भरून आणणाऱ्या गरीब माणसाच्या मुळावर येतो : तिसऱ्या दिवशी माल टाकावा लागणार, हे गिऱ्हाईक जाणून असते, आणि संध्याकाळी भाव पाडूनच मागते. घरच्या झाडाचे फळ खाणाऱ्याने एरवी बाजारातही घेताना हे आठवावे.

खाण्यास शिकवणीची गरज नाही, असे कोणी म्हणेल. तथापि, दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. शंभर ग्रॅम गरात सुमारे चोवीस ग्रॅम कर्बोदके, साडेचार ग्रॅमच्या आसपास तंतू, आणि छत्तीस मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. उष्मांक सुमारे चौऱ्याण्णव. वाढत्या वयाच्या मुलांना हे उत्तम. घरातील मधुमेही माणसाने मात्र वैद्याच्या सल्ल्याने बेतानेच घ्यावे. दुसरी गोष्ट स्वयंपाकघरातील. सीताफळाचा गर तापवला, की त्यास कडवट चव येते. म्हणून बासुंदी करताना दूध आटवून, साखर घालून, अगदी गार होऊ द्यावे. बिया काढलेला गर त्यानंतरच मिसळावा. चुलीवरच्या उकळत्या दुधात गर टाकून, "फळच कडू निघाले" असा दोष झाडास देणारी घरे आम्हांस ठाऊक आहेत. गरातून बिया काढण्याचे काम चाळणीवर हाताने हलके चोळून करावे. यंत्रात फिरवून बी फुटू देऊ नये.

बी फुटू देऊ नये, हे आम्ही जोर देऊन सांगतो. चुकून गिळलेली अखंड बी कठीण कवचामुळे जशीच्या तशी बाहेर पडते. पोटात झाड उगवेल ह्या भीतीने रात्रभर जागणाऱ्या बालवाचकांनी निश्चिंत निजावे. परंतु कवचाच्या आतील गाभा विषारी आहे. उवा मारण्यासाठी ह्या बियांची पूड तेलात कालवून मुलींच्या केसांस लावण्याचा जुना उपाय खेड्यापाड्यांतून अजून चालतो. पूड उवा मारते हे खरे. पण तिचा कण डोळ्यात गेला, तर डोळा भयंकर लाल होतो, आग होते, आणि बुबुळाचा पारदर्शक पडदा सोलवटून निघतो. अशा उपायाने डोळे दुखावलेले रुग्ण नेत्रवैद्यांनी नोंदवले आहेत. डोक्यावरून नहाताना पाणी कोठून ओघळते हे प्रत्येक आईस ठाऊक आहे. तेव्हा उवांसाठी बारीक दातांची फणी व डॉक्टरांनी दिलेले औषध एवढेच वापरावे. कोणाच्या डोळ्यात पूड गेलीच, तर चोळू न देता भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा बराच वेळ धुवावा आणि तत्काळ नेत्रवैद्याकडे न्यावे. दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

अशीच सावधगिरी लक्ष्मणफळाच्या पानांच्या काढ्याविषयी. त्याने कर्करोग बरा होतो, असे हल्ली पुष्कळ ठिकाणी छापून येते. रुग्णावर ते सिद्ध झालेले नाही. ग्वाडेलूप बेटावरील कंपवातासारख्या एका विलक्षण विकाराच्या रुग्णांत हे फळ व त्याच्या पानांचा काढा नित्य घेणारे पुष्कळ आढळले, असे तेथील डॉक्टरांनी इ. स. १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. ऋतूत चार फळे खाणे निराळे आणि वर्षभर काढा पिणे निराळे.

राहिल्या खाऊन उरलेल्या बिया. त्या धुऊन सावलीत वाळवाव्यात, लहान भावंडांच्या हाती लागणार नाहीत अशा डबीत ठेवाव्यात, आणि डबीवर ज्या झाडाच्या त्या असतील त्याचे नाव व तारीख लिहावी. सर्वांगांनी भरलेल्या, मोठ्या फळाच्याच बिया निवडाव्यात. पुढील जूनमध्ये शाळेच्या विहिरीमागील पडीक जागेत लावण्यासाठी आम्हांस चाळीस रोपे हवी आहेत.